दोन बोटं गॅस

ज्याला खरोखर मुक्त व्हायचं असेल, त्याने घराला चाकं लावावीत. निवृत्तीनंतर घेतलेल्या व्हॅनच्या पायरीवर बसून माझे मेहुणे हे सांगत होते, आणि धरणाकाठची शांतता त्यांना साथ देत होती. मात्र तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. टपावरच्या सोलरने बॅटऱ्या भरल्या नव्हत्या, आणि आतल्या छोट्या फ्रिजमध्ये ताईचं इन्सुलिन होतं.

मेहुण्यांनी गवतावर जनरेटर ठेवला, त्याला छोटा गॅस सिलिंडर जोडला आणि दोरी ओढली. तो धडधडू लागताच काठावरचे बगळे उडाले, आणि मुक्तीबद्दलचं पुढचं काही ऐकू आलं नाही.

संन्याशालाही धुनी लागते, असं माझ्या मनात आलं. धुनीची लाकडं कुणीतरी गावातून आणून टाकलेली असतात. त्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही.

ताईने सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवलं. वरचा पत्रा लगेच वाळला. ओल राहिली ती तळाशी, आत गॅस होता तेवढ्याच उंचीपर्यंत.

“दोन बोटं,” ती म्हणाली. “अहो, संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरायचा नाही.”

“ढग हटतील गं.”

“तुम्ही बघा वाट. माझं औषध नाही बघायचं.”

इन्सुलिन आम्ही गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या पिशव्यांशेजारी ठेवून आलो. त्या दुकानाला वीज तारेवरून येते, आणि चाकं नाहीत.