रिकाम्या लाँचवर मोजलेलं रडार

इंजिन बंद असलं की पडदा स्वच्छ. इंजिन सुरू झालं की पडद्यावर सायकलच्या चाकासारखे पांढरे आरे. मी तिसऱ्यांदा लाँचचे चालक झिपरूभाऊंना इंजिन बंद करायला सांगितलं, तेव्हा मागे उभे असलेले, लाँचच्या सरकारी ऑफिसचे डेप्युटी साहेब म्हणाले, "मॅडम, इंजिन बंद ठेवूनच जायचं असेल तर सगळ्यांना वल्ही वाटून टाकू."

मला हसू आलं नाही. लाँच तीन आठवडे काठाला बांधलेली होती, आणि ती माझ्यामुळे बांधलेली होती.

हे तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यावर घडलं. फुगवटा म्हणजे धरणाने अडवलेलं पाणी मागे पसरतं तो भाग. तिथे नदी उरत नाही, तळंच होतं. पाण्यात जुन्या गावांच्या टेकड्या आणि वाळलेले सागाचे सोट अजून उभे आहेत. पलीकडच्या काठावर सातपुड्याच्या पायथ्याची गावं. त्यांचा बाजार, दवाखाना, तहसील सगळं अलीकडे. मध्ये एकच सरकारी लाँच. ती बंद पडली की डोंगरातून वळसा, पायी, दोन दिवसांचा. हे मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं, पुन्हा लिहिते. पाणी यांच्या शेतावर भरलं आणि ते ओलांडायची सोय मात्र यांनी भीक मागितल्यासारखी मागायची.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात धुक्यात लाँच वाट चुकली आणि गाळात रुतली. आत एक अडलेली बाई होती. ती लाँचमध्येच बाळंत झाली. दोघं वाचली, यात सरकारचं काही कर्तृत्व नाही.

मी जळगावची, मेहरूणला राहणारी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करत होते, आणि सुट्टी मिळाली की धरणग्रस्तांच्या संघटनेची पत्रकं लिहायला पश्चिमेकडे पळत होते. त्या प्रसंगावरचं पत्रक मीच लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'रडारशिवाय धुक्यात लाँच चालवणं म्हणजे माणसं मारणं आहे, आणि थाळी बडवून लाँच हाकण्याचे दिवस संपले पाहिजेत.' धुकं पडलं की पलीकडच्या बाया काठावर उभ्या राहून थाळी बडवत. आवाजाच्या रोखाने झिपरूभाऊ लाँच नेत. मला ते लाजिरवाणं वाटायचं. त्या बायांचं नाही, सरकारचं.

पुढचा हिवाळा तोंडावर आला आणि ऑफिसने माझं पत्रक फाइलला लावून लाँच बंद केली. डेप्युटी साहेबांनी मला ती फाइल उघडून दाखवली. माझ्या वाक्याखाली लाल रेघ मारलेली होती.

"तुमचंच म्हणणं आहे," ते शांतपणे म्हणाले. "रडारशिवाय चालवू नये. आम्ही नाही चालवत."

मी भांडले. हे सुडाचं राजकारण आहे म्हणाले. ते म्हणाले, असेल. पण कुठल्याशा बंदरातल्या निकामी बोटीवरचं एक जुनं रडार त्यांना मिळालेलं होतं. ते बसवायला जिल्ह्यात कोणी नव्हतं. मुंबईचा माणूस यायचा तर उन्हाळा उजाडला असता, म्हणजे धुकं संपल्यावर. मग ते म्हणाले, तुम्ही डिप्लोमावाल्या ना? मी हो म्हणाले. बसवून चाललं तर लाँच सुटेल. नाही चाललं तर होळीपर्यंत बांधलेली राहील. असं ते प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

पलीकडच्या गावातली सोनीअक्का चारोळी आणि डिंक विकायला बाजारात यायची. ती तेव्हा अलीकडे अडकून पडली होती, नणंदेच्या घरी. रस्त्यात भेटली तशी म्हणाली, "तुना कागदनी लाँच बांधी दिधी." एवढंच. त्यानंतर मी पाणी मागायलाही त्या दारात थांबले नाही.

रडार काय असतं ते सांगते. अंधाऱ्या खोलीत आपण हाक मारली आणि भिंतीवरून आवाज परत आला, तर भिंत किती लांब ते अंदाजाने कळतं. रडार तेच रेडिओच्या लहरींनी करतं. वर एक फिरणारी पट्टी असते, तिला स्कॅनर म्हणतात. ती चहूकडे लहरी फेकते. परत आलेल्या लहरींवरून खाली पडद्यावर ठिपके उमटतात. काठ, टेकडी, पाण्याबाहेर आलेला सोट. पाण्याखालचं त्याला काही दिसत नाही. हे मला पत्रक लिहिताना माहीत नव्हतं. मॅन्युअल वाचताना कळलं, आणि मी कोणाला बोलले नाही.

लाँच लोखंडी. चालकाची केबिन मागे, इंजिनाच्या वर. तिच्या पुढे प्रवाशांसाठी लांब पत्र्याचं छत. मी स्कॅनर केबिनच्या डोक्यावर, तीन फुटी आधारावर बसवला. तिथून चहूकडे मोकळं दिसत होतं. खालची वायरिंग सुपडूनानांनी केली. सुपडूनाना म्हणजे तालुक्यातले नावाजलेले वायरमन. आख्ख्या भागातले ट्रॅक्टर आणि जीपगाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांचं काम इतकं नेटकं होतं की मी ते तपासलंच नाही.

आणि आता पडद्यावर आरे.

"बॅटरीची मायनस कुठे जोडलीय, नाना?" मी विचारलं.

"बॉडीले," नाना म्हणाले. कुठे जोडणार दुसरीकडे, असा चेहरा.

ट्रॅक्टरला असंच करतात. एक वायर दिव्यापर्यंत न्यायची, परतीचा करंट ट्रॅक्टरच्या लोखंडातून येतो. अर्धी वायर वाचते आणि दिवा छान लागतो. पण लाँचच्या त्याच लोखंडातून डायनामो, पंप, हॉर्न अशा सगळ्यांचा करंट परत येत होता. इंजिन चालू झालं की तो सगळा गोंगाट रडारच्या पोटात. वरून, पाण्यात असलेल्या लोखंडातून असा करंट फिरवला तर लोखंड झिजतं ते वेगळंच.

मी नानांना सांगितलं की रडारला बॅटरीपासून दोन वेगळ्या जाड वायरी हव्यात, जायची आणि यायची, मध्ये दुसऱ्या कशाचं जोडकाम नको. मला वाटलं चिडतील. ते खाली बसले, बिडी विझवली आणि म्हणाले, "बठ्ठं उपटनं पडी." आणि खरंच सगळं उपटलं. मी वायरी कापत होते, ते जोडत होते. स्कॅनरपासून पडद्यापर्यंतची केबल जरुरीपेक्षा बरीच लांब होती. जास्तीची गुंडाळी बाकाखाली पडलेली. ती कापून नीट करावी म्हणून मी करवत हातात घेतली.

"कापू नको, ताई," नाना म्हणाले. "ट्रॅक्टरले ट्रॉली लागनी का वायर कमी पडस."

लाँचला कुठली ट्रॉली लागणार आहे, असं मनात आलं. पण सकाळीच त्यांचं काम उपटायला लावलं होतं. दुपारी पुन्हा त्यांचा शब्द मोडायला जीभ वळली नाही. मी गुंडाळी बांधून ठेवली.

संध्याकाळी इंजिन चालू, पडदा स्वच्छ. साहेबांनी मान हलवली आणि तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवली. लाँच प्रवाशांची आहे, तर प्रवासी घेऊनच बघू, म्हणाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाजाराच्या दिवशी तीन आठवडे अडकलेली माणसं एकदम आली. मी केबिनमध्ये पडद्याशी होते. डोक्यावर धाडधाड आवाज होत होते, तिकडे माझं लक्ष नव्हतं. लाँच सुटली. साहेब माझ्या खांद्यावरून पाहत होते. पडद्यावर डावा काठ आला, उजवा काठ आला, मागचा धक्का आला. समोर काहीच नाही. समोर टेकडी आहे हे काचेतून, छताखालून दिसत होतं. रडारच्या लेखी तिथे मोकळं पाणी होतं.

"ही टेकडी कालच हटवली वाटतं," साहेब म्हणाले.

मी बाहेर येऊन छताकडे पाहिलं. सायकली, खाटा, तेलाचे डबे, ज्वारीची पोती. आणि या टोकाला, केबिनला लागून, रडारच्या अगदी तोंडासमोर, कोऱ्या पत्र्यांची चवड उभी करून बांधलेली. आडवे ठेवले तर लोक त्यांच्यावर बसतात आणि पत्रे वाकतात, म्हणून इथे पत्रे नेहमी कडेवर उभे बांधतात. ही इथली रीत. रडारच्या लहरी त्या पत्र्यांवरच आपटून परतत होत्या. पत्र्यांशेजारी बसलेली होती सोनीअक्का. पत्रे तिच्या घराचे होते.

मी छताची उंची मोजली होती, स्कॅनरची मोजली होती. पण मोजताना लाँच बांधलेली होती आणि रिकामी होती. माझ्याच पत्रकाने ती रिकामी ठेवली होती. भरलेली लाँच मी शंभरदा पाहिली होती, तिच्यातून गेले होते, छतावर बसले होते. मोजताना एकदाही आठवलं नाही.

साहेबांना उपाय लगेच सुचला. छतावर सामान ठेवायला बंदी. बोर्ड लावून टाकू. आणि खरं सांगते, माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. बोर्डावरची वाक्यंसुद्धा तयार झाली होती. पत्रकं लिहिणाऱ्याची ही खोड असते, समोर काही अडलं की आधी वाक्य सुचतं.

सोनीअक्का वरूनच म्हणाली, "मना पत्रा कोठे ठेवू? तुना डोकावर?"

छतावरचे लोक हसले. साहेबही हसले. पण तिचं खरं होतं. आत माणसं दाटीवाटीने बसतात. छत बंद केलं तर सामान जाणार नाही, आणि सामान जाणार नसेल तर बाजाराला कोण येईल? लाँच नियमाने चालली असती, रिकामी.

लाँच धक्क्याला परत आली. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, आजचा दिवस आहे. उद्या मी धुळ्याला जातो, रिपोर्ट लिहूनच. काय लिहू ते तुम्ही ठरवा.

मी सुपडूनानांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"लागनी ना ट्रॉली," ते म्हणाले.

केबलची गुंडाळी बाकाखाली होती. तेवढ्यावर स्कॅनर पत्र्यांच्या आणि माणसांच्या डोक्यावरून आरामात वर गेला असता. खरं तर माणसांच्या डोक्याच्या वर तो असायलाच हवा होता. तोंडासमोरून लहरी मारणाऱ्या यंत्राजवळ कोणी बसू नये, हेही मॅन्युअलमध्ये होतं. प्रश्न होता खांबाचा. नाना सायकल घेऊन गेले आणि विहिरीच्या पंपाचा जाड लोखंडी पाइप ट्रॅक्टरवर टाकून घेऊन आले. छतावरच्या लोकांना सामान उतरवू नका, तसंच बसा, म्हणून सांगितलं. या वेळी मी सामानासकट मोजलं. पाइप केबिनला क्लॅम्पने आवळला, तिन्ही बाजूंनी तारांचे ताण दिले, वर स्कॅनर चढवला. अक्काने तिच्या पत्र्यांवर पाय ठेवून मला वर चढू दिलं. मला वाटतं, ते तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नसतं.

दुपार झाली. ऊन लख्ख. साहेब म्हणाले, धुकं कुठून आणायचं? झिपरूभाऊंनी छतावरच्या दोघांच्या घोंगड्या मागून घेतल्या आणि केबिनच्या काचांवर बाहेरून बांधून टाकल्या. आत अंधार. साहेब बाहेर पुढे उभे राहिले, काही चुकलं तर ओरडायला.

मी पडदा वाचत होते, झिपरूभाऊ चाक धरून होते. डावीकडे काठ. थोडं उजवीकडे घ्या. समोर ठिपका आहे, लहान. झिपरूभाऊ पुटपुटले, सागाचा सोट. मग एक मोठा ठिपका, टेकडी. आम्ही तिला वळसा घातला. बाहेरून साहेबांचा आवाज नाही. तो नव्हता हीच चांगली गोष्ट होती, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. पलीकडचा काठ पडद्यावर जवळ जवळ येत गेला. मी हळू म्हणाले, झिपरूभाऊंनी इंजिनाचा वेग उतरवला आणि लाँच धक्क्याला इतकी हलकी टेकली की छतावरचा एक डबासुद्धा हलला नाही.

घोंगड्या सोडल्यावर साहेब आत आले. "लिहितो," म्हणाले. मग पडद्याकडे पाहत, "पाण्याखालचं दिसत नाही ना याला?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच. पत्रकात नव्हतं ते."

सोनीअक्काचे पत्रे सगळे सरळ उतरले. पत्रे उतरवून झाल्यावर तिने मला चारोळीची पुडी दिली. मी ती लाँचमध्ये बसून सगळी खाल्ली. इतकं हलकं मला मोर्चा यशस्वी झाल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात लाँच एक दिवसही बंद राहिली नाही. पहिल्या दाट धुक्याच्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. तेवढ्यात पलीकडून थाळीचा आवाज आला. झिपरूभाऊंनी इंजिनाचा वेग उतरवला आणि कान दिला.

"आता कशाला थाळी?" मी विचारलं.

"रडार खरं बोलस का नही, ते दखाले नको का?" ते म्हणाले. थाळी आणि पडदा एकाच दिशेला होते. त्यांनी वेग पुन्हा वाढवला.

पत्रकं मी अजून लिहिते, तितकीच तिखट. फक्त छापायला देण्याआधी ती छतावर बसून एकदा वाचून दाखवते. लाँच भरलेली असताना.