मारुतीने रस्ता ओलांडला

देवाच्या दारी निघालेल्या माणसालाच गाडी उडवून जाते, तेव्हा देव काय करत असतो? गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न माझ्या मनात असा रुतून बसला होता की सकाळी दिवा लावतानाही हात मागे यायचा. मी कौंडण्यपूरकडची, म्हणजे रुक्मिणीच्या माहेराकडची. मारुती हे माझ्या सासरचं दैवत. माहेरच्या देवीशी मी कधी भांडले नाही, पण सासरच्या देवाशी त्या दिवसांत रोज भांडत होते. सासरच्या माणसांशी भांडायची सवय असतेच, त्यात एक देव वाढला.

आमचं गाव तिवश्याजवळ, महामार्गाला अगदी लागून आहे. आम्ही झेंडू, शेवंती आणि पालेभाजी करतो. रस्ता अरुंद होता तेव्हाची गोष्ट. गावातल्या शालिकभाऊंचा तरणा मुलगा मोटारसायकलवरून येताना पलीकडच्या कडेला ट्रकखाली गेला. पुन्हा कोणाचं रक्त तिथे सांडू नये म्हणून शालिकभाऊंनी त्याच जागी मारुती बसवला. पुढे रस्ता चौपदरी झाला. मारुती पलीकडे राहिला आणि गाव अलीकडे. मग लोकांनी दुभाजकाचे दगड काढून मधून पायवाट पाडली, आणि दर शनिवारी गाव तेलाच्या वाट्या घेऊन महामार्ग ओलांडू लागलं. माणसं मरू नयेत म्हणून देव बसवला आणि त्या देवाकडे जातानाच माणसं मरू लागली, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. कोणी गेलं की आम्ही म्हणायचो, जागाच वाईट आहे, बरं तरी तिथे मारुती आहे. आणि गेले ते कोण? पायी चालणारी म्हातारी, सायकलवरचा दूधवाला, दुचाकीवरची पोरं. चारचाकीतला एकही नाही. त्यांच्याभोवती पत्रा असतो, पोटाला पट्टा असतो. आमच्याभोवती नुसता पदर.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सत्तरी ओलांडलेली बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण जिभेला अजून वार्धक्य शिवलेलं नाही. शनिवार त्यांनी कधी चुकवला नाही. मी म्हणायची, आत्याबाई, घरातूनच हात जोडा. त्या म्हणायच्या, "मले का होते वं? त्याच्याच दारी जाऊन रायली ना मी. तो पाहून घेते."

त्या शनिवारी धुकं होतं. आत्याबाईंच्या एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात रुईच्या पानांची माळ. मी सोबत होते. दुभाजकापर्यंत आम्ही नीट पोचलो. पुढचा रस्ता ओलांडण्याआधी ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूला दोघींनी पाहिलं. मोटारसायकल आली ती उलट्या बाजूने, दिवा बंद, वर तीन पोरं. आत्याबाई दोन पावलं पुढे होत्या. धडक झाल्याचा आवाज मला आठवतो, आणि मग डांबरावर सांडलेलं तेल. त्या ऐन रस्त्यात पडल्या होत्या आणि धुक्यातून ट्रकचे दिवे येत होते. धावायला हवं हे कळत होतं, पण पाय उचलत नव्हते. तोंडातून फक्त ‘मारुती’ एवढंच निघालं. ती हाक होती की शिवी, हे मला आजही सांगता येणार नाही.

ब्रेक मारता मारता त्या ड्रायव्हरने ट्रक वळवला आणि आत्याबाईंच्या अलीकडे रस्त्यात आडवा उभा केला. मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून त्या ट्रकशी येऊन थांबल्या. तो खाली उतरला, अंगावरची चादर त्यांच्यावर घातली आणि त्यांच्या डोक्याशी बसला. "अम्मा, आँख खुली रखो. इधर कोई नहीं आएगा, मैं खड़ा हूँ," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ती पोरंही कडेला पडली होती. एकाचा हात मोडला होता, हेल्मेट तिघांपैकी कोणाच्याच डोक्यावर नव्हतं. तीही कोणाची तरी लेकरंच. वाचली, हे देवाचंच देणं. १०८ ची गाडी येऊन आत्याबाईंना त्यात ठेवेपर्यंत तो माणूस जागचा हलला नाही. नंतर मी मागे वळून पाहिलं तर ट्रक निघून गेला होता. नाव, गाव, काही विचारायचं सुचलं नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्या माझा हात धरून म्हणाल्या, "मारुती आडवा झाला वं माह्यासाठी. शेंदरी सुटर होता त्याच्या अंगात. मी माह्या डोयानं पायलं." मला तो स्वेटर तपकिरी दिसला होता. आणि ते डोळे, त्यातल्या एकात मोतीबिंदू! पण मी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं माझ्याजवळ होतंच काय? ट्रक आडवा झाला नसता तर मी रिकाम्या हातांनी घरी आले असते, एवढंच मला ठाऊक होतं.

खरी परीक्षा पुढेच होती. आत्याबाई घरी आल्या, वॉकर धरून उभ्या राहिल्या, अंगणापर्यंत जाऊ लागल्या. सगळं घर हरखलं. आणि त्यांनी जाहीर केलं की हनुमान जयंतीला आपण स्वतःच्या पायाने जाऊन मारुतीला तेल घालणार. वॉकर घेऊन, महामार्ग ओलांडून! मी म्हटलं, "मारुतीलाच गावात आणू या ना." त्या कडाडल्या, "देव जागचा हालवत नसतात. इतकंही शिकवलं नाही का तुह्या मायनं?" त्या एकेक पाऊल पुढे टाकत होत्या आणि माझा जीव खाली खाली जात होता. यांचे पाय बरे झालेच नाहीत तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं आणि मी स्वतःच दचकले. ही बाई पुन्हा त्या रस्त्यावर गेली तर परत येणार नाही, याची मला खात्री होती.

शेवटी मी कौंडण्यपूरला गेले. वर्धा नदीत पाय धुतले, रुक्मिणीसमोर बसले आणि रडले. म्हटलं, माझी बुद्धी संपली, माझं भांडणही संपलं. आता म्हातारी तुझी आणि मारुतीही तुझा. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. काही झालं नाही. फूल पडलं नाही की घंटा वाजली नाही. पण परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली, आणि तशी झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

हनुमान जयंतीच्या महाप्रसादाचं ठरवायला गाव पारावर जमलं. आत्याबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. स्वयंपाक कुठे, मंडप कुठे, बोलणं चाललं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लेकरंबाळं घेऊन सगळे पलीकडे जाणार. त्यापेक्षा मारुतीच अलीकडे आणला तर?" शालिकभाऊंचा चेहरा पाहून मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. ती जागा त्यांच्या लेकाची होती. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, देव आपली जागा सोडत नसते."

हे ऐकलं मात्र, आणि आत्याबाई खुर्चीतून उठल्या. वॉकर तसाच राहिला. "सोडत नसते म्हनजे? मंग मले कोनं वाचवलं? जागा सोडून रस्त्यात आडवा झाला ना तो! मी का लबाड बोलून रायली?"

मग त्यांचा आवाज खाली आला. "शालिक, अरे तो तं कवाचाच उठला. आपनच त्याले तिथं धरून ठेवलं. त्याले यायचं हाय रे अल्याड."

देव जागचा हलवत नसतात म्हणणाऱ्या आत्याबाईंच्याच तोंडून हे निघालं होतं. शालिकभाऊ डोळे पुसून म्हणाले, "तसं असंन तं पयला हात माहा लागंन."

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मारुतीने रस्ता ओलांडला. महामार्ग पोलिसांची गाडी आली होती, त्यांनी दोन्हीकडची वाहतूक थांबवली. लाकडी दांड्यांवर मूर्ती ठेवून गड्यांनी उचलली, पुढे शालिकभाऊ. आमच्या वावरातला सगळा झेंडू त्या दिवशी मारुतीच्या अंगावर होता. टाळ-मृदंग वाजत होते, आणि इकडच्या कडेला आत्याबाई वॉकर धरून उभ्या होत्या, पाहुण्याला घ्यायला आल्यासारख्या. मूर्ती ऐन मध्ये आली तेव्हा थांबलेल्या पहिल्या ट्रकने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणि पार लांबपर्यंत ट्रकमागून ट्रक वाजू लागले. त्या हॉर्नला आम्ही जन्मभर भ्यायलो होतो. त्या दिवशी बाया त्याच्या तालावर फुगड्या खेळल्या. मी ढसाढसा रडले आणि माझ्या डोळ्यांदेखत मारुती आमच्या गावात शिरला.

पुढच्या आठवड्यात दुभाजकातली ती वाट दगड-सिमेंटने बंद झाली. पलीकडे रिकाम्या ओट्यावर काय बांधायचं, असं कोणीतरी शालिकभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "काहीच नाही. तिथं आता कोनाले जावं लागत नाही, हेच माह्या पोराचं देऊळ."

डोळे मिटून पाऊल टाकणं म्हणजे शरण जाणं, असं आम्हाला वाटत होतं. देव तर डोळे उघडे ठेव म्हणत होता. आपला हट्ट सोडला की देवालाही हलायला जागा होते, एवढंच मला कळलं, आणि तेही त्यानेच कळवलं. त्याचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. त्या ड्रायव्हरचेही नाही. तो कुठल्याही रस्त्यावर असो, सुखरूप घरी पोचो.

परवाच्या शनिवारी मी भाकरी थापत होते. आत्याबाई घरात दिसेनात. पूर्वी माझा जीव उडाला असता. मी तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली. थोड्या वेळाने त्या काठी टेकत आल्या, हात तेलाने माखलेले. मी म्हटलं, "एकट्याच गेल्या होत्या? हाक तर मारायची." त्या म्हणाल्या, "आता कायले हाक मारू तुले? दोन घरं सोडून तं रायते तो."