हिवाळ्यात सरकारबी वाडा हलवतं

आसराबाईंच्या धनगर घरात एक रीत आहे. घोड्यावरून बिऱ्हाड उतरलं, की घरातल्या थोरल्या बाईनं चुलीचे तीन दगड मांडायचे. दगड पडले, की मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, तिथंच. मग घरधन्याचंही चालत नाही.

सासूकडून दगड हाती आले, तेव्हापासून आसराबाईंचा हिवाळ्यातला वाडा टेंभुर्णीजवळच्या एका लिंबाखाली. आसपासचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, ज्वारी देतात. लिंबाखाली घोंगडी टाकून आसराबाई हुकूम सोडतात. मुलगा परमेश्वर त्या जागेला ‘आईची राजधानी’ म्हणतो.

यंदा मात्र तिथं प्लॉट पडलेले, विहीर बुजवलेली. ओढ्यापलीकडं, भरल्या तळ्याच्या काठाला, शेतकरी काकासाहेबांनी सोयाबीन काढलेलं रान देऊ केलं होतं.

“आत्या, तिकडंच जाऊ. दगड उतरवू नका,” सून रेणुका म्हणाली. इतिहास घेऊन बी. ए. झालेली पोर.

आसराबाईंनी ऐकलं आणि धडाधड तिन्ही दगड मांडून टाकले. “झालं! आता बिलकुल हलायचं न्हाई.”

“मेंढरं काय पितील?”

“बघू. राजधानी अशी हलवत असतेत व्हय?”

रेणुकानं पदर खोचला. “राजधान्याच तर हलल्या, आत्या! पैठणला नदी व्हती, व्यापार व्हता, तवा राजा तिथं. मंग यादवांना आडोसा पाह्यजे, तर देवगिरीचा डोंगर. दिल्लीच्या सुलतानाला वाटलं, मुलूख वाढला, मधी बसावं. दिल्लीची माणसं उठवून देवगिरीला आणली. दौलताबाद नाव दिलं.”

“बाया-लेकरांसंगट?”

“हां.”

“एवढी घोडी कुठून आणली मेल्यानं?”

“आन काही वर्षांनी परत नेली. पाणी पुरलं न्हाई, म्हणतेत.”

“बघ! हलवलं की असं व्हतं.”

“त्यो पाणी न बघता हलला. तुम्ही पाणी न बघता बसून राह्यल्या.”

परमेश्वर हसू दाबत घोड्याच्या आड गेला.

“त्ये जुने राजे,” आसराबाई हटेनात. “आताचं सरकार मुंबईत घट्ट बसलंय का न्हाई?”

“हिवाळ्यात न्हाई! नागपूर पहिले दुसऱ्या राज्याची राजधानीच व्हतं. महाराष्ट्रात आलं आन त्यो मान गेला. म्हणून हिवाळ्यात अधिवेशन तिथं. आत्ताच चालू हाये. मंत्री, सायब, फायली, समदं बिऱ्हाड गेलंय.”

“दर हिवाळ्याला?”

“बहुतेक दर हिवाळ्याला.”

“आन काम झालं की परत?”

“परत.”

आसराबाईंना असं हसू फुटलं, की लिंबाला धरून खाली बसल्या. “म्हंजे सरकारबी धनगरच की गं!”

पण मांडलेला दगड भाकर भाजल्याबिगर उचलायचा नसतो. कॅनमधल्या उरल्यासुरल्या पाण्यात त्यांनी पीठ मळलं, एकच भाकर थापली. तिघांनी वाटून खाल्ली. एक तुकडा लिंबाच्या बुडाशी ठेवत त्या म्हणाल्या, “ह्यो जुन्या राजधानीचा मान. चला, जल्दी!”

तळं दिसताच मेंढरं कुणाचं ऐकेनात. आसराबाईंनी पाण्याकडं बघितलं, वाऱ्याकडं तोंड केलं, दोन दगड मांडले. तिसरा रेणुकाच्या हातात दिला.

“आत्या, रीत थोरलीची हाये.”

“थोरलीच सांगून राह्यली. मांड.”

रेणुकानं मांडला. आसराबाईंनी वाकून बघितलं आणि बोटभर सरकवला.

“वाकडा व्हता?”

“न्हाई गं. माझी सवय. आता पेटव, बराबर बसलाय.”