निवेदिकेनं गुरूचं नाव विचारलं तेव्हा

आम्ही पवनीचे. बाबा वैनगंगेत मासे धरायचे आणि मी आठवड्यातून दोनदा एसटीनं भंडाऱ्याला बासरी शिकायला जायची. अशी नऊ वर्षं काढली. पहिलं वर्षभर गुरुजींनी नुसते लांब सूर भरून घेतले, मग एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड शिकवली. ते शिकवायचे उत्तम, हे मला आजही नाकारता येत नाही.

तुमसरच्या संगीतसभेत माझं पहिलं वादन ठरलं. पत्रिकेत नाव छापून आलं. बाबा नवा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले. ऐन वेळी गुरुजींनी पुतण्याला बासरी घेऊन बसवलं आणि माझ्या हाती तानपुरा दिला. मी कारण विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मासे पकडनाऱ्याच्या पोरीले फुंकता येते. वाजवनं वेगळं असते."

बाबांनी ते ऐकलं. त्यानंतर ते माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत.

मी गुरुजींकडे जाणं सोडलं. पुढं नागपूरच्या एका बाईंकडे शिकले, बाहेरगावी वाजवू लागले. मग भंडाऱ्याला परतून मुद्दाम गुरुजींच्याच गल्लीत खोली घेतली, त्यांच्याच वेळेला शिकवणी लावली. खिडकी उघडी ठेवायची. दोन वर्षांत त्यांचे बहुतेक विद्यार्थी माझ्याकडे आले. आई म्हणाली, हे बरं नाही. मी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमसरच्या त्याच सभेनं मला बोलावलं. मी स्वतः गुरुजींच्या घरी गेले, पाया पडले, निमंत्रण दिलं. म्हातारे हरखले. शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले.

निवेदिकेनं माइकवर माझे गुरू कोण, ते विचारलं. मी नागपूरच्या बाईंचं नाव सांगितलं. गुरुजी शाल सावरत अर्धवट उठले होते. तिनं विचारलं, आणखी कोणी?

"नाही," मी म्हटलं. "आणखी कोणी नाही."

ते हळूच खाली बसले. मी तासभर मारवा वाजवला. इतका चांगला पुन्हा लागला नाही.

नंतर ते पायऱ्यांपाशी आले. "मींड माझी आहे, पोरी. तेवढं तरी सांगाचं होतं." मी बासरी पिशवीत भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी पवनीला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात जाळं सांधत होते.

"मंग, आता बरं वाटून राहिलं का तुले?"

मी हो म्हटलं. खरंच वाटत होतं.