परीक्षक मॅडमची ओटी

वडगावातल्या विणकर गल्लीत रूपाली पीएच.डी. करते हे घराघरांत ठाऊक होतं, पण विषय काय म्हणून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशोदेशी चालणारा भ्रष्टाचार! एका देशातली कंपनी दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला लाच देते, पैसा तिसऱ्याच देशात जाऊन दडतो, मग धरायचं कुणी? रूपालीच्या आईनं, सत्यवतीनं, ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं होतं. "निपाणीत चोरी करून कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात शिरलं की इकडचा पोलीस थांबतोय. त्या पोलिसानं फुडं कसं जायाचं, ते माजी पोरगी लिवतीया." खरं सांगायचं तर प्रबंधाच्या प्रस्तावनेपेक्षा हे सोपं होतं.

सहा वर्षं गेली त्यात. कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, उरल्या वेळात करार आणि निवाडे वाचायचे, आणि लग्नाचं विचारणाऱ्या मावश्यांना चहा पाजून वाटेला लावायचं. आज कॉलेजच्या हॉलमध्ये तोंडी परीक्षा होती. ती पार पडली तर पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची मुलाखत. अडली तर जागा गेली.

परीक्षा खुली असते, घरचे मागं बसू शकतात. सत्यवती शेवटच्या रांगेत ठेवणीतलं लुगडं नेसून ऐटीत बसली होती. पुण्याहून आलेल्या परीक्षक, केदारी मॅडम, हॉलमध्ये शिरल्या आणि रूपालीची नजर त्यांच्या साडीवरच अडकली. मॅडमच्या अंगावर रूपालीच्या घरच्या मागावरची साडी! डाळिंबी रंग आणि मोरपंखी काठ. असा काठ अख्ख्या वडगावात तिच्या आप्पांशिवाय कुणी काढत नाही.

ती तडक मागं गेली. "आई, मॅडमची साडी?"

"गेलतो की काल गेस्ट हाऊसवर, शेजारच्या अंबुबाईला घेऊन. ओटी भरली." सत्यवतीचा चेहरा फुललेला. "आपल्या गावात सवाष्ण येती आन् मोकळ्या ओटीनं जाती व्हय? तुजं नाव काढलं न्हाय हं. उगं वशिला वाटंल."

घ्या! विणकरांच्या गावात आलेली पाहुणी साडीशिवाय जात नाही, ही रीत. पण एक दिवस दम धरला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

गाईड नागेंद्र सरांना तिनं बाजूला घेऊन सांगितलं. ते कुजबुजले, "गप बस. मॅडमना ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. साधी साडी आहे ती."

कुणालाच ठाऊक नव्हतं, हीच तर गोम होती. चौथ्या प्रकरणात रूपालीनंच लिहिलं होतं, भेट लहान की मोठी ते नंतर बघा. आधी बघा कुणी दिली, कुणाला, कोणत्या वेळी, आणि उघड की लपवून. आईनं उघड दिली होती. आता रूपाली गप्प बसली की ती लपवलेली ठरणार होती. तिला आईचा राग आला, रीतीचा आला, त्या चौथ्या प्रकरणाचासुद्धा आला. तरी तिनं माइक ओढला.

"सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. मॅडमनी नेसलेली साडी माझ्या घरची आहे. काल माझ्या आईनं दिली. मॅडमना हे माहीत नव्हतं, मलाही आत्ताच कळलं."

केदारी मॅडम पदराकडं बघत राहिल्या. परीक्षा समितीचे अध्यक्ष विद्यापीठाला फोन लावायला बाहेर गेले आणि नागेंद्र सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात मागून सत्यवती उठली. "ओटीला लाच म्हणतीस व्हय गं? भर दुपारी रिक्षातनं गेलतो, ताट झाकलं बी न्हवतं. लाच अशी देत्यात?"

"न्हाय आई, तू लाच दिली न्हाईस." रूपाली माइक सोडून तिच्याकडं वळली. "पण मॅडम मला पास करणार, आणि उद्या कुणी साडीचं विचारलं तर त्यांनी काय सांगायचं?"

भरलेली ओटी परत घेणं म्हणजे घरावर अपशकुन, असं सत्यवती लहानपणापासून ऐकत आलेली. तरी ती पुढं आली. "बाईसाब, रागावू नका. साडी परत द्या मला. काय वंगाळ व्हायचं ते माज्या डोस्क्यावर. पोरीच्या नावाला डाग नको."

मॅडम गेस्ट हाऊसवर जाऊन साडी बदलून आल्या. घडी हातात पडली तशी सत्यवतीनं ती कपाळाला लावली, पिशवीत घातली आणि पुन्हा आपल्या रांगेत जाऊन बसली. घडलं ते सगळं अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहिलं, सह्या घेतल्या, आणि विद्यापीठाची परवानगी आहे म्हणून परीक्षा सुरू केली.

मग मॅडमनी रूपालीला असं पिळून काढलं म्हणता! एका देशानं पुरावा मागितला आणि दुसऱ्यानं दिलाच नाही तर? गोठवलेला पैसा ज्यांचा लुटला त्या लोकांपर्यंत पोचणार कसा? रूपाली दोनदा अडखळली, एकदा सरळ "माहीत नाही" म्हणाली, पण दोन तास हटली नाही.

अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली. सत्यवतीला त्यांचं इंग्रजी कळलं नाही, टाळ्या कळल्या. केदारी मॅडम हसत तिच्याजवळ आल्या. "आता तरी नेऊ का ती साडी?"

सत्यवतीनं पिशवी पोटाशी धरली. "आता न्हाय. डिग्रीचा कागुद पोरीच्या हातात पडू द्या. मग घरला या, चार मान्सांदेखत नेसवतो. तवर मागू नका."

रूपालीनं तिला तिथंच मिठी मारली आणि हसता हसता रडायलाच लागली.