आइस्क्रीमच्या काड्या

लग्नाला तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात बायकोने मला सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर "तुम्ही जरा तोंड बंद ठेवा." मग मला गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि तीच बाई रोज सकाळी चहाच्या आधी म्हणू लागली, "अहो, तोंड उघडा." या विजयाचा आनंद मला घेता आला नाही, कारण तोंड उघडत नव्हतं.

रेडिएशननंतर जबडा आखडतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा, एकावर एक रचून दातांत धरून बसा आणि जमेल तशी एकेक वाढवत न्या. हे रोज केलं नाही, तर तोंड हळूहळू मिटत जाईल आणि जन्मभर पेजेवर राहावं लागेल. काड्या शनिवार पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मिळाल्या. "नातवाचा प्रोजेक्ट का?" दुकानदाराने विचारलं. खरं सांगायला तोंड फारसं उघडत नसल्याने मी मान डोलावली. त्याने डिंकाची बाटलीही गळ्यात मारली.

विश्रांतवाडीतल्या आमच्या बाल्कनीत माझा व्यायाम सुरू झाला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी बायकोला खाली गाठलं. "तुमचे मिस्टर रोज आमच्या खिडकीकडे बघून आ वासून बसतात."

"दुसरीकडे बघायला सांगते," बायको म्हणाली. "आ मात्र वासावाच लागेल."

काड्यांचा जुडगा वाढत गेला. पोळीचा तुकडा जाऊ लागला, मग चक्क इडली. तेवढ्यात भाच्याचं लग्न निघालं आणि आम्ही आठवडाभर नागपूरला गेलो. तिथे जो तो "तोंड गोड करा" म्हणत अख्खा पेढा कोंबायला यायचा. एवढ्या पाहुण्यांत दातांत काड्या धरून बसायची मला लाज वाटली. त्या बॅगेतच राहिल्या.

परत आल्यावर शेवटची काडी आत जाईना. बाकीच्या जात होत्या, तीच अडत होती. लग्नातला खाडा मला आठवलासुद्धा नाही. कॅन्सर परत आला, एवढंच डोक्यात आलं. बायकोला कळू नये म्हणून मी ती काडी गुपचूप मिरचीच्या कुंडीत खोचली. दोन दिवसांनी तिच्या शेजारी दुसरी खोचली.

बायको झाडांना पाणी घालत होती. "मिरचीला आधार दिलात वाटतं?"

मी पेपरात तोंड खुपसलं. तिने काड्या उपटल्या, माती झटकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"भीती वाटते," मी म्हणालो.

"मग एवढं बोलायला तोंड उघडत नव्हतं होय?" ती म्हणाली. तिचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून तोंड तपासलं, गळा चाचपला. बायको पर्सचा बंद पिळत उभी होती.

"मधे कुठे गावाला गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"नागपूरला. लग्न होतं," बायको म्हणाली.

"आजार परत आलेला नाही. आळस परत आलाय. काड्या सुरू करा."

आम्ही रिक्षाने घरी निघालो. मला रडू येत होतं आणि मी ते सर्दीवर ढकललं.

दुसऱ्या दिवसापासून बायको समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसू लागली. कुंडीतल्या दोन्ही काड्या तिने गरम पाण्यात उकळून ठेवल्या होत्या. एक लवकरच गेली. दुसरी बरेच दिवस अडून बसली. एका सकाळी ती काडी हळूहळू आत सरकवताना माझं लक्ष बायकोकडे गेलं. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसं तिचंही उघडलं होतं, माझ्यापेक्षा मोठं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मला हसू आलं, पण काड्या दातांत होत्या. सगळ्या.

समोरच्या बाईंनी खिडकीतून आम्हा दोघांना पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.