मागच्या दाराचा मालक

आमचे हे, म्हणजे गुलाबराव, रांझीच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले अन् कुंडमचा इंग्रजांच्या काळातला बंगला यांच्या नावावर झाला. यांचे वडील तिथं माळी होते. बंगल्याच्या शेवटच्या मालकीण ब्राउन मेमसाबला पोरंबाळं नव्हती. हे दर रविवारी जाऊन तिचा पंप दुरुस्त करून द्यायचे, म्हणून तिनं मृत्युपत्रात यांचं नाव घातलं. मी म्हटलं, चला, म्हातारपणी माझं नशीब फळफळलं.

कशाचं काय बाप्पा. तेव्हापासून मी ग्रीसचा डबा मांडीवर घेऊन रांझी ते कुंडम मोटारसायकलवर मागे बसून राहिली आहे. यांनी बंगल्याचीही फॅक्टरी केली. एकोणचाळीस दारं-खिडक्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नंबर. समोरचं दार एक नंबर. त्याच्या बिजागऱ्यांना दर रविवारी तेल, कडीला पॉलिश. पण स्वतः त्यातून एकदाही आत गेले नाहीत. लहानपणी वडिलांबरोबर मागच्या दारानं जायचे, तीच सवय. अजून चप्पल बाहेर काढून, मान खाली घालून स्वयंपाकघरातून शिरतात. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

गेल्या महिन्यात मात्र माझं डोकंच फिरलं. छपराच्या आढ्याला वाळवी लागली. यंदा छप्पर खाली येणार, हे यांनाही दिसत होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या सरकारी खात्याकडे यांनी दुरुस्तीसाठी अर्जावर अर्ज केले. शेवटी एक साहेब आले. मालकाची सही झाली की काम सुरू. मी तेव्हा विहिरीवर होते. साहेबांनी यांनाच विचारलं, "भैया, मालिक कहाँ हैं?"

हे तेलकट हात मागे घेऊन उभे राहिले अन् म्हणाले, "साहब तो बाहर गए हैं."

मी धावत येईपर्यंत साहेब निघून गेले.

"काहून असं बोलले हो?" मी विचारलं.

"तोंडातून निघून गेलं," हे म्हणाले. त्या दिवशी जेवलेच नाहीत. राग तर आलाच, पण मला यांचं फार वाईटही वाटलं.

फोन करकरून मी साहेबांना गुरुवारी परत बोलावलं. "आख़िरी बार," ते म्हणाले. हे पंपाकडे गेले तशी मी मागच्या दाराला आतून कडी घातली. साहेब आले तसं त्यांना समोरून आत घेऊन बैठकीत बसवलं, चहा दिला. थोड्या वेळानं मागचं दार हललं. पुन्हा हललं. मग कितीतरी वेळानं एक नंबरवर टकटक झाली.

"कोण आहे?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

बाहेर नुसतं खाकरणं.

"मालक आहे," हे हळूच म्हणाले. "गीता, चप्पल इथं कुठं काढू?"